७.४०, ४०, ४०

सात पूर्णांक चाळीस, चाळीस, चाळीस. आधी पीएच, मग कार्बन डायऑक्साइड, मग ऑक्सिजन. रक्तवायूंच्या यंत्रातून सरकत बाहेर येणाऱ्या कागदी पट्टीवरचे हे पहिले तीन आकडे. हृदयाची डावी बाजू आईच्या पोटात वाढलीच नाही अशा तान्ह्या बाळांना भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी ते एका दमात येतात. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कुणी "गॅस आला का?" विचारावं आणि उत्तरादाखल हीच ओळ ऐकू यावी, यासाठी तासन्‌तास सगळ्यांचे हात राबत असतात. मला ही ओळ फार सुंदर वाटते. तिच्यात काय काय भरलेलं आहे ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. म्हणजे पहिले दोन आकडे अगदी मधोमध बसलेले, पुस्तकातले. तिसऱ्यापाशी ठेच लागते. मोठ्या माणसाच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब ८० ते १०० असतो. चाळीस हा तर शरीराला ऑक्सिजन देऊन परत निघालेल्या अशुद्ध रक्ताचा आकडा. कानाला यमक जुळतं आणि अर्थ अडखळतो. बाळाचं हृदय ज्याला ठाऊक नाही, तो इथे घाबरून ऑक्सिजन वाढवेल आणि बघता बघता बाळाला संकटात लोटेल. ज्याला ठाऊक आहे, तो हाच आकडा पाहून निश्वास सोडेल.

अशा बाळाच्या हृदयाचा खालचा डावा कप्पा खुरटलेला असतो, त्याच्यातून निघणारी महाधमनीही सुरुवातीला जेमतेम दोऱ्याएवढी. उजवा कप्पाच फुप्फुसांनाही रक्त पुरवतो आणि, गर्भात उघडी असलेली एक जोडवाहिनी जन्मानंतरही उघडी राहिली तर, तिच्यातून उरलेल्या शरीरालाही. ती मिटू नये म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं औषध सतत चालू ठेवावं लागतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये विल्यम नॉरवूड यांनी या बाळांसाठी टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया उभी केली. पहिल्या टप्प्यात उजवा कप्पाच शरीराचा मुख्य पंप होतो, नवी रुंद महाधमनी घडवली जाते आणि फुप्फुसांना रक्त जातं ते तिथून काढलेल्या साडेतीन-चार मिलिमीटरच्या कृत्रिम नळीतून.

एका विहिरीवर दोन शेतं भिजवायची, असा हा मामला आहे. एक शेत फुप्फुसांचं, दुसरं मेंदू, मूत्रपिंडं, आतडी, हातपाय या सगळ्यांचं. विहिरीचं पाणी तेवढंच. ज्या शेताचा बांध खाली, तिकडे ते आपोआप जास्त धावणार. आणि फुप्फुसांचा बांध खाली आणणारी सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिजन मिळाला, कार्बन डायऑक्साइड उतरला, की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. मग बाळ गुलाबी दिसू लागतं, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९५ दाखवतो, आणि त्याच वेळी आतडी नि मूत्रपिंडं कोरडी पडू लागतात. या बाळाचं फार गुलाबी होणं ही धोक्याची खूण आहे, हे शिकायला भूलतज्ज्ञाला आपल्या मूळ शिक्षणाशी झगडावं लागतं. बाकी सगळीकडे त्याला ऑक्सिजन द्यायलाच शिकवलेलं असतं.

आता चाळीसचा हिशेब. दाब ४० असला की मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनवर साधारण ७५ टक्के ऑक्सिजन बसलेला असतो, अशा बाळात ७५ ते ८५. सोयीसाठी ८० धरू. फुप्फुसांतून परतणारं रक्त पूर्ण शुद्ध, म्हणजे १००. शरीरातून परतणारं ६०. दोन्ही एकाच कप्प्यात मिसळतात आणि मिसळलेलं रक्त ८० चं होतं. ८० हा १०० आणि ६० यांच्या बरोबर मध्ये आहे, याचा अर्थ दोन्हीकडून सारखंच रक्त आलं. फुप्फुसांना जितकं, शरीराला तितकंच. हृदयात कुठलीही नळी न घालता, धमनीतल्या दोन थेंबांवरून कळलेली ही वाटणी. एका आकड्यात इतका मोठा न्याय सामावलेला पाहिला की मला गणिताबद्दल कृतज्ञता वाटते.

या चाळीसला आणखी एक पदर आहे. गर्भात बाळाला मिळणारं सर्वोत्तम रक्त म्हणजे वारेकडून नाळेतून येणारं रक्त, आणि त्यातही ऑक्सिजनचा दाब तिसाच्या आसपास असतो. गर्भाच्या श्वसनावर संशोधन करणारे जोसेफ बारक्रॉफ्ट या अवस्थेची तुलना एव्हरेस्टशी करत. त्या विरळ हवेत जगता यावं म्हणून गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते ऑक्सिजन घट्ट धरतं. मोठ्यांचं हिमोग्लोबिन अर्धं भरायला २६-२७ दाब लागतो, गर्भाचं १९-२० लाच भरतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी ४० दाबाला जे बाळ ८५ टक्के दाखवत होतं, तेच हृदय-फुप्फुस यंत्रात घातलेल्या दात्याच्या रक्ताने न्हाऊन निघाल्यावर ४० लाच ७५ दाखवू शकतं. दाब तोच, फुप्फुसं तीच, वाटणीही कदाचित तीच. बदललं ते रक्त. पट्टी वाचणाऱ्याला हा इतिहास ठाऊक हवा.

मधला आकडा कार्बन डायऑक्साइडचा. तो आज आपण सहज वाचतो, पण १९५२ पर्यंत रुग्णाच्या उशाशी तो मोजायची सोयच नव्हती. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक मरत होते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे आणि डॉक्टर त्याला अल्कलीपणा समजत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तोच आकडा उलटा वाचला: हा अल्कलीपणा नाही, बाहेर टाकता न आलेला कार्बन डायऑक्साइड साठतो आहे, आणि रुग्ण त्याने मरताहेत. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेण्यात आला, त्यातून त्याने हाताने पिशवी दाबून श्वास दिला, आणि ती वाचली. पुढचे काही महिने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत होते. किती जोराने दाबायचं हे ठरवण्यासाठी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले पॉल आस्ट्रुप यांनी पीएचवरून कार्बन डायऑक्साइड काढण्याची रीत बसवली. ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड लेलंड क्लार्क यांनी अमेरिकेत केला, आणि तेही हृदय-फुप्फुस यंत्रासाठी रक्तात ऑक्सिजन मिसळण्याचं काम करत असताना. रिचर्ड स्टो यांनी सुचवलेला कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड जॉन सेव्हरिंगहाउस यांनी सुधारला, आणि १९५८ मध्ये फ्रीमन ब्रॅडली यांच्यासोबत ही दोन्ही मापनं एका यंत्रात आणली. आजच्या पट्टीची वंशावळ ही अशी आहे. तिच्या मुळाशी एका भूलतज्ज्ञाने केलेलं नीट वाचन आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कुणी म्हणेल, आता व्हेंटिलेटरच्या नळीलाच कॅप्नोग्राफ असतो, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड श्वासागणिक पडद्यावर दिसतो, मग रक्त काढायचं कशाला? निरोगी बाळात हा प्रश्न रास्त आहे. तिथे पडद्यावरचा आकडा रक्तातल्या आकड्याच्या जवळपास असतो. निळ्या बाळात मात्र शरीरातून आलेलं काही रक्त फुप्फुसांना वळसा घालून तसंच धमनीत जातं आणि आपला कार्बन डायऑक्साइड सोबत नेतं. पडद्याला ते रक्त भेटतच नाही. पडदा ३० म्हणतो, रक्त ४५ म्हणतं. हे अंतर ठरलेलं असतं तर ते वजा करून काम भागलं असतं, पण ते शस्त्रक्रियेच्या ओघात बदलतं. सर्जन नळी जोडण्यासाठी फुप्फुसाच्या एका बाजूच्या धमनीला चिमटा लावतो. क्षणात फुप्फुसांतून जाणारं रक्त घटतं, ऑक्सिमीटर घसरतो, आणि पडद्यावरचा कार्बन डायऑक्साइडही खाली येतो. नवखा म्हणेल, श्वास जास्त दिला जातोय, कमी करू. रक्तात त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड वर चढत असतो. श्वास कमी केला तर तो आणखी चढेल. इब्सेनने १९५२ मध्ये ओळखलेला सापळा हाच: आकडा खरा, अर्थ उलटा. म्हणून चिमटा लागल्यावर थोड्या वेळात "गॅस पाठवा" हे शब्द ओटीत ऐकू यायलाच हवेत.

मधल्या चाळीसकडे आणखी एक शक्ती आहे. तो थोडा वाढवला तर फुप्फुसांच्या वाहिन्या आवळतात आणि मेंदूच्या वाहिन्या उघडतात. एकाच वायूने दोन ठिकाणी दोन विरुद्ध कामं करावीत, आणि ती दोन्ही या बाळाच्या हिताची असावीत! फुप्फुसांकडे धावणारं रक्त आवरायला एके काळी दोन उपाय होते: हवेत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ वर आणायचा, किंवा श्वासात थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळायचा. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात भूल दिलेल्या अशा नवजात बाळांवर शस्त्रक्रियेआधी दोन्ही उपाय तुलनेने पाहिले गेले आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. फुप्फुसांकडचा ओघ दोन्हींनी कमी झाला. पण मेंदूला मिळणारा ऑक्सिजन वाढला तो फक्त कार्बन डायऑक्साइडने.

पहिला आकडा शेवटी घेतो, कारण तो सगळ्यांत खोल आहे. महाधमनीची कमान घडवताना बाळाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन १८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात आणि काही वेळ रक्ताभिसरण जवळजवळ थांबवतात. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, त्यामुळे थंडीत कार्बन डायऑक्साइडचा दाब आपोआप उतरतो आणि पीएच दर अंशाला साधारण ०.०१५ ने चढतो. पण रक्तवायूचं यंत्र प्रत्येक नमुना आधी ३७ अंशांना तापवतं आणि मग मोजतं. बाळ १८ अंशांवर, कागद ३७ अंशांवर. कागदावर ७.४० आणि ४० आलं, तर बाळाच्या शरीरात त्या क्षणी पीएच ७.६८ च्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड १७ च्या घरात असतो. उलट बाळाच्या शरीरात, थंडीतही, ७.४० आणि ४० राखायचे असतील तर यंत्रात कार्बन डायऑक्साइड मिसळावा लागतो, आणि मग कागदावर ७.१ आणि ९० सारखे भीतीदायक आकडे उमटतात. यातलं खरं कोणतं मानायचं?

निसर्गाने दोन्ही उत्तरं दिली आहेत. बेडूक आणि कासव थंड झाले की त्यांच्या रक्ताचा पीएच वर जाऊ देतात. प्रथिनांमधल्या हिस्टिडिनच्या कडीवरचा विद्युतभार त्यामुळे जसाच्या तसा राहतो आणि विकरं आपलं काम करू शकतात. शीतनिद्रेत जाणारे सस्तन प्राणी कार्बन डायऑक्साइड साठवून पीएच ७.४० लाच धरून ठेवतात, आणि त्या आम्लतेत त्यांच्या पेशी मंदावतात. पहिल्या रीतीला अल्फा-स्टॅट म्हणतात, दुसरीला पीएच-स्टॅट. मोठ्या माणसांच्या शस्त्रक्रियेत कासवाची रीत रुजली. तान्ह्या बाळांच्या खोल थंडीत मात्र पुष्कळ ठिकाणी शीतनिद्रेची रीत पसंत केली जाते, कारण वाढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूच्या वाहिन्या उघडतो आणि थंडावा मेंदूत सगळीकडे सारखा पोहोचतो. बॉस्टनमध्ये नऊ महिन्यांखालच्या बाळांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले, त्यांत शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस पीएच-स्टॅटच्या बाजूने होते. पुढे त्याच मुलांचा बौद्धिक विकास तपासला तेव्हा दोन रीतींत ठाम फरक दिसला नाही. तरीही माझा कौल पीएच-स्टॅटला आहे; जिथे मेंदूचं रक्ताभिसरण थांबणार आहे, तिथे तो आधी नीट थंड झालेला असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

ही ओळ कागदावर उमटण्यापूर्वी हातांचं एक नाजूक काम झालेलं असतं. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. नाळेतल्या किंवा मनगटाच्या केसासारख्या धमनीत बसवलेल्या लाइनमधून आधी सलाईन मिसळलेलं रक्त मागे ओढायचं, मग स्वच्छ नमुना घ्यायचा, आणि आधी ओढलेलं रक्त बाळाला परत द्यायचं, एक मिलिलिटरही वाया न घालवता. यंत्राला आता शंभर मायक्रोलिटरपेक्षाही कमी पुरतं, हे या बाळांवरचे उपकार आहेत. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा आकडा खोलीतल्या हवेकडे, दीडशेच्या दिशेने, ओढला जातो आणि कार्बन डायऑक्साइडचा शून्याकडे. चाळीसच्या बाळात हा घोटाळा सगळ्यांत मोठा. हाच बुडबुडा चुकून शिरेत गेला तर त्याला फुप्फुसांची गाळणी लागत नाही, तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणून या बाळांच्या प्रत्येक नळीतला प्रत्येक बुडबुडा टिचकी मारून काढतात. लाइन कोणत्या हातात टाकायची हेही सर्जनला विचारून ठरतं. उजव्या हाताच्या धमनीच्या मुळाशीच नळी जोडायची असेल, तर चिमटा लागताच त्या हातातला दाब भरवशाचा राहत नाही.

इतकं कौतुक केल्यावर या ओळीचा कमकुवतपणाही सांगायला हवा. ८० हा आकडा न्यायाचा, असं मी वर म्हटलं, पण ते शरीरातून परतणारं रक्त ६० चं असेल तर. ते ४० चं असेल तर? १०० पासून ८० वीस अंतरावर, ४० पासून चाळीस. म्हणजे फुप्फुसांकडे शरीराच्या दुप्पट रक्त चाललं आहे, आणि शरीर हातात येईल तेवढा ऑक्सिजन ओरबाडून घेत आहे. धमनीतली पट्टी दोन्ही वेळा तीच. फुप्फुसात पाणी साठून तिथून परतणारं रक्तच १०० चं नसेल, तर हिशेब तिसऱ्याच तऱ्हेने चुकतो. म्हणून धमनीच्या पट्टीशेजारी वरच्या महाशिरेतल्या रक्ताची पट्टी हवी. मिलवॉकीच्या डॉक्टरांनी नव्वदीच्या दशकात या शिरेतल्या ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवायला सुरुवात केली, आणि शरीराच्या वाहिन्या औषधाने सैल केल्या की वाटणी किती स्थिर होते ते दाखवलं. त्यानंतर ऑक्सिजनची जुनी धास्ती बरीच ओसरली; आता नायट्रोजन मिसळण्याकडे फारसं कुणी वळत नाही.

पट्टीच्या तळाशी लहान अक्षरात लॅक्टेट असतं, म्हणजे ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींनी रक्तात सोडलेलं आम्ल, आणि माझ्या मते खरा निकाल तिथे लागतो. ७.४०, ४०, ४० असून लॅक्टेट दोनवरून चार, चारवरून सात असं चढत असेल तर वरची ओळ केवळ सजवलेली आहे. बायकार्बोनेट देऊन पीएच छान दाखवता येतो, उपाशी पेशी त्याने जेवत नाहीत. कॅल्शियमही तिथेच वाचावं. साठवलेल्या रक्तातलं सायट्रेट ते खाली आणतं, आणि नवजात हृदय आकुंचनासाठी रक्तातल्या कॅल्शियमवर मोठ्यांपेक्षा जास्त अवलंबून असतं.

आपल्याकडे नॉरवूडची शस्त्रक्रिया मोजक्याच ठिकाणी होते. पण फुप्फुसांना कृत्रिम नळीतून रक्त देण्याची शस्त्रक्रिया इतर निळ्या बाळांवर मुंबई-पुण्यातही होते, आणि ती बाळं ७५-८५ टक्के ऑक्सिजनवरच घरी जातात. २०२० नंतर घराघरांत ऑक्सिमीटर आला आणि ९४ हा आकडा सगळ्यांना पाठ झाला. अशा बाळाच्या आजीने बोटाला यंत्र लावून ८० पाहिलं की तिचा जीव उडतो, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला सांगतात. तुमच्या घरात किंवा नात्यात असं बाळ असेल, तर सुट्टी मिळताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या बाळाचा नेहमीचा आकडा किती असायला हवा, आणि किती खाली गेला की लगेच यायचं? उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर ती बारीक नळी रक्त गोठून बंद होऊ शकते, तेव्हा बाळ दूध पिईनासं झालं किंवा आकडा त्याच्या नेहमीच्या खाली गेला तर सकाळची वाट पाहू नका. आणि पुढे कधी हर्नियासाठी किंवा आणखी कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर ते पान भूलतज्ज्ञाच्या हातात सगळ्यांत आधी ठेवा.